गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी

आमच्या रोपवाटिकेची ओम्नी 2003 सालची आहे. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला रोपे पोहोचवणे, हे तिचे गेल्या कित्येक वर्षांचे काम. मारुतीने ही व्हॅन 1984 मध्ये बाजारात आणली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी कमीअधिक प्रमाणात जुनीच आहे. अशा गाडीचा गिअर अडकू लागला की गॅरेजमध्ये पहिले वाक्य ऐकू येते ते ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ हे. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात मलाही ते ऐकावे लागले. ते काम करून घेण्याआधी मी जे तपासले, ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण त्यातले बहुतेक घरच्या अंगणात, हत्यारांशिवाय करता येते.

लक्षण असे होते : सकाळी गाडी ठीक चाले, पण वीसेक किलोमीटर झाल्यावर थांबलेल्या गाडीत पहिला गिअर पडेनासा होई आणि रिव्हर्स टाकताना खर्र असा मोठा आवाज येई. सर्वांत आधी मी इंजिन बंद केले आणि क्लच दाबून चारही गिअर व रिव्हर्स एकामागून एक टाकून पाहिले. दात दाताला भिडून एखादा गिअर अडला, तर गाडी हाताने जराशी ढकलून पुन्हा टाकावा. आमच्या गाडीत सगळे गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडले. या एका तपासणीने शोध निम्म्यावर येतो. इंजिन बंद असतानाही गिअर जड जात असेल, तर दोष गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत, तिच्या झिजलेल्या बुशांत किंवा खुद्द गिअरबॉक्समध्ये शोधावा लागतो. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि सुरू केल्यावर अडतात, तेव्हा क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल तळापर्यंत दाबूनही इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सपर्यंत पोहोचत राहते, असे समजावे.

याची खात्री रिव्हर्सने होते. या गिअरला सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारी पितळी कडी, नसते, म्हणून तो खोटे बोलत नाही. इंजिन आयडलवर ठेवून क्लच पूर्ण दाबावा, मनात चार-पाच आकडे मोजावेत आणि मगच रिव्हर्स टाकावा. क्लच सुटत असेल, तर तेवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबतो आणि गिअर निमूट पडतो. आमचा तरीही ओरडला.

मग मी गाडीखाली शिरलो. चाकांना दगड लावले होते, इंजिन बंद होते आणि वर धाकटा भाऊ पेडल दाबत होता. गिअरबॉक्सच्या बाजूला क्लचची केबल ज्या लिव्हरला जोडलेली असते, तो लिव्हर जेमतेम हलत होता. केबल ताणण्याचा नट आट्यांच्या शेवटाला पोहोचला होता, म्हणजे तोवर प्रत्येक वेळी कोणीतरी तो थोडा थोडा आवळून वेळ मारून नेली होती. पेडलला वरच्या बाजूस साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर मोकळी चाल असावी लागते. आमच्याकडे ती याहून किती तरी जास्त होती. केबल काढून उजेडात धरली, तेव्हा पेडलकडच्या टोकाला अर्ध्याहून अधिक बारीक तारा तुटून पिंजारल्या होत्या आणि उरलेल्यांवर तांबूस गंज चढला होता. तारा तुटत गेल्या तशी उरलेली केबल ताणली जाऊन लांबली आणि पिंजारलेली टोके आवरणात घासून अडू लागली. केबल बदलताच पहिला गिअर आणि रिव्हर्स दोन्ही सुधारले.

एक गोष्ट मात्र राहिली. घाट उतरताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना खर्र आवाज अजूनही येत होता. इतर गिअर शांत आणि एकच गिअर ओरडतो, तेव्हा क्लचला दोष देता येत नाही. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा अ‍ॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून दुसरा, असा डबल क्लच केला की आवाज येत नसे. यावरून दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग झिजल्याचे स्पष्ट झाले. गिअर ऑइल पांढऱ्या थाळीत काढून पाहिले, तर त्यात सोनेरी चकाकी दिसली. ती रिंगच्या पितळेची. पोलादाचे तुकडे दिसले असते, तर गाडी मी त्याच दिवशी उभी केली असती.

रिंग बदलायची तर गिअरबॉक्स उतरवणे भागच होते, पण तेव्हा मी थांबलो, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. क्लच प्लेटही, म्हणजे इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सकडे नेणारी तबकडीही, कधी ना कधी बदलावी लागणार होती आणि त्यासाठी पुन्हा तीच मजुरी पडली असती. वर्षभर मी डबल क्लचवर गाडी चालवली आणि दोन गोष्टींवर कान ठेवला. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर दोष रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. उलट पेडल सोडल्यावर घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचकडून फिरकी आत घेणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचा.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर पसरणी घाटात, भरलेल्या गाडीत, तिसऱ्या गिअरवर इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढेना आणि केबिनमध्ये जळका वास आला. केबल नटाने फार आवळलेली असली, तरी क्लच असाच घसरतो, म्हणून आधी मोकळी चाल मोजली. ती बरोबर होती. तेव्हा गिअरबॉक्स उतरवला. प्लेटचे लायनर रिव्हेटपर्यंत घासले होते, प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चकतीवर (फ्लायव्हील) नखाला लागेल अशी गोल खाच पडली होती आणि दुसऱ्या गिअरच्या रिंगचे दात टोकाला बोथट झाले होते. फ्लायव्हील लेथवर साफ करून घेतले; प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि रिंग हे सगळे एकाच मजुरीत बदलून झाले.