मातीला पर्याय शोधताना: कुंडीतल्या टोमॅटोचा माझा अनुभव

पहिल्या वर्षी माझी टोमॅटोची चारही रोपं गेली, ती पाण्याअभावी नाही, पाण्यानंच. पंधरा लिटरच्या कुंड्या, वरून भुसभुशीत दिसणारी बागेतली माती आणि रोज सकाळी न चुकता पाणी. दुपारी पानं मलूल व्हायची, म्हणून मी संध्याकाळी आणखी एक तांब्या ओतायचो. आई एकदा म्हणालीसुद्धा, "तहान झाडाला लागलीय की तुला?" शेवटी एक कुंडी उपडी केली. खालची चार बोटं माती चिखल झालेली, आंबूस वास येत होता. मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात यायची आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरायचा.

तेव्हा ठरवलं, माती नको. पण 'माती नको' म्हणणं सोपं, मातीच्या जागी काय घालायचं ते ठरवायला मला जवळजवळ एक हंगाम लागला.

आधी माती का बिघडली ते समजून घेतलं. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला. थेंब गळायचे थांबले. मग तोच स्पंज उभा केला, तर पुन्हा धार लागली. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची बदलली. कुंडीतही हेच होतं. माध्यमातल्या (म्हणजे कुंडीत भरलेली माती किंवा तिच्या जागी जे असेल त्यातल्या) बारीक छिद्रांनी धरलेलं पाणी तळाशी एका ठरावीक उंचीपर्यंत साचून राहतं आणि ती उंची कुंडीवर नाही, माध्यमाच्या कणांवर ठरते. कण बारीक तितका हा ओला थर जाड. तळाला निचऱ्यासाठी खडे घालायची माझी सवय म्हणजे तर उलटाच कारभार होता. खड्यांमुळे तो थर खाली जात नाही, खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो.

मला याच्या उलट काय हवं होतं ते शेतकरी एका शब्दात सांगतो: वाफसा. पाऊस पडून गेला, जास्तीचं पाणी निचरलं, ओल आहे पण चिखल नाही, हवाही खेळतेय, ती अवस्था. मला कुंडीत पाणी घातल्यावर थोड्याच वेळात वाफसा येईल असं काहीतरी हवं होतं. हे कळल्यावर निवड बरीच सोपी झाली.

पीट मॉस, म्हणजे दलदलीत साचलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ, पहिल्यांदा बाद केलं. ते मुळात आम्ल, त्यात चुनखडीची भुकटी मिसळून सामू (पीएच, आम्लतेचं माप) वर आणावा लागतो. शिवाय एकदा कोरडं ठणठणीत झालं की पाणी आत घेतच नाही, कडेनं वाहून जातं. रॉकवूल म्हणजे दगड वितळवून काढलेले तंतू. रोपं करायला उत्तम, पण सुरुवातीला त्याचा सामू चढा असतो आणि पाण्याची एक फेरी चुकली तर सावरून घेणारं त्यात काही नाही. भाजलेल्या चिकणमातीच्या गोळ्या पाणी फारसं धरत नाहीत, त्यांना पंप लावून सतत पाणी फिरवायची व्यवस्था लागते. मला कुंडी आणि झारी एवढंच हवं होतं. राहिलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्यात हवा राखायला परलाइटचे हलके पांढरे दाणे.

कोकोपीटची वीट भिजवली, ती बघताबघता कित्येक पट फुगली. मला वाटलं, झालं काम. पिळून निघालेल्या पाण्यात ईसी मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा) बुडवला तर आकडा २.६. नळाचं पाणी होतं ०.४. म्हणजे रोप लावायच्या आधीच कुंडीत क्षार भरलेले. नारळाच्या काथ्यात पोटॅशियम आणि सोडियम मुळातच असतं, त्यात नारळाची सोडणं (वरची जाड सालं) खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर आणखी भर. बादलीत पाणी भरायचं, ढवळायचं, गाळायचं, असं पाच वेळा केल्यावर गडद तपकिरी पाणी फिकट झालं आणि आकडा ०.७ वर आला.

तरी काम अर्धंच होतं. साध्या पाण्यानं सुटे क्षार जातात. कोकोपीटच्या कणांना चिकटलेलं पोटॅशियम आणि सोडियम मात्र तिथेच राहतं. नंतर आपण खतातून कॅल्शियम, मॅग्नेशियम घातलं की कण ते स्वतःकडे ओढून घेतात आणि त्या जागचं सोडियम सोडून देतात. झाड उपाशी राहतं आणि आपण खत वाढवत बसतो. म्हणून धुतलेलं कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवलं आणि सकाळी पुन्हा एकदा धुतलं. पाकिटावर 'धुतलेले' लिहिलेलं असलं तरी मी आता मीटर बुडवल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

परलाइट म्हणजे ज्वालामुखीची काच प्रचंड तापवून लाहीसारखी फुलवलेली. एकच सांगतो, पोतं उघडायच्या आधी त्यावर पाणी शिंपडा आणि तोंडाला फडकं बांधा. ती पांढरी धूळ घशात गेली की दिवसभर खाकरत बसावं लागतं.

आता प्रमाण किती? जो तो वेगळा आकडा सांगत होता. शेवटी मोजूनच बघितलं. कुंडीची भोकं चिकटपट्टीनं बंद केली, ओलसर मिश्रण काठोकाठ भरलं आणि पृष्ठभागावर पाणी चमकेपर्यंत हळूहळू ओतलं. मग कुंडी घमेल्यावर ठेवून पट्टी काढली. खाली जेवढं पाणी पडलं तेवढ्या जागेत हवा शिरली. नुसत्या कोकोपीटमधून पंधरा लिटरमागे १.४ लिटर पडलं, म्हणजे जेमतेम ९ टक्के हवा. आकारमानानं तीस टक्के परलाइट घातल्यावर २.६ लिटर, सुमारे १७ टक्के. जुन्या मातीतून अर्धा लिटरही पडलं नाही. (आधी हा प्रयोग एक लिटरच्या बुटक्या डब्यात केला होता. त्याचे आकडे फसवे निघाले, स्पंजाचीच गोष्ट. ज्या कुंडीत लावणार त्याच कुंडीत मोजावं.)

निम्मं परलाइटही करून पाहिलं. हवा भरपूर, रोप झकास वाढलं, पण फळं धरल्यावर दुपारी साफ मान टाकायला लागलं. मी दिवसाचे नऊ तास घराबाहेर असतो, मधल्या वेळी पाणी कोण घालणार? ज्याच्याकडे ठिबक आणि टायमर आहे त्यानं खुशाल निम्मं घालावं. माझ्यासाठी सत्तर-तीस.

नव्या माध्यमात पहिले तीन आठवडे रोपं पिवळट राहिली, ती नुसतं पाणी घालायच्या माझ्या जुन्या खोडीमुळे. मातीत थोडंफार अन्न असतं, इथे जवळजवळ शून्य. प्रत्येक पाण्यातून पातळ खत द्यावं लागतं, आणि तळातून थोडं पाणी बाहेर पडेल इतकं ओतावं लागतं, नाहीतर क्षार पुन्हा साचतात. घाईत एकदा कॅल्शियम नायट्रेट आणि दुसरं खत एकाच बाटलीत दाट विरघळवलं. तळाशी पांढरा गाळ बसला, अख्खी बाटली ओतून द्यावी लागली. ती दोन्ही वेगवेगळी विरघळवून भरपूर पाण्यातच एकत्र आणायची असतात.

आणि तरीही पहिल्या घोसातल्या दोन फळांचा बूड काळा पडलाच. खतात कॅल्शियम होतं, पण ते फळापर्यंत पाण्याबरोबरच पोचतं, आणि त्या आठवड्यात कुंडी दोनदा सुकली होती. तेव्हापासून सकाळी कुंडी एका कडेला किंचित उचलून वजन बघतो. बोट खुपसण्यापेक्षा हे खरं. वरचा थर कोरडा दिसतो तेव्हाही कुंडी जड असते.

यंदा तेच मिश्रण मुळं चाळून काढून पुन्हा वापरायचं ठरवलं. हाताला ते ठीकच लागत होतं. पट्टी लावून पाणी ओतलं तर घमेल्यात जेमतेम दोन लिटर पडलं. कोकोपीट वर्षभरात झिजून बारीक झालंय. दोन मोठी मापं परलाइट आणखी मिसळलं, परत मोजलं, अडीच लिटर. काल रोपं लावली.