हेन्रीचं सातवं वर्ष

फलकांची फाइल संध्याकाळी पाचला छापखान्यात जायची होती. दुपारी दोनला लक्षात आलं की मँचेस्टर ग्रामर स्कूलचा जन्म आम्ही एक वर्ष उशिरा लावलाय. शाळा १५१५ची, फलकावर १५१६.

इंग्लंडमधल्या जुन्या शाळांवर एक फिरतं प्रदर्शन होतं आणि त्याच्या मजकुराची तपासणी माझ्याकडे होती. दस्तांच्या तारखा एका तक्त्यात भरलेल्या. एका रकान्यात राजा, दुसऱ्यात राजवर्ष, म्हणजे दस्तावर लिहिलेलं त्या राजाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते, तिसऱ्यात इसवी सन. हा तिसरा रकाना सूत्राने आपोआप भरायचा, आणि सूत्र मीच घातलेलं: गादीवर बसल्याचं साल अधिक राजवर्ष. शाळेचा करार हेन्री आठव्याच्या सातव्या वर्षातला. हेन्री बसला १५०९ला, त्यात सात मिळवले की १५१६. हिशेब सरळ दिसतो, म्हणूनच फसवतो.

हेन्रीचं पहिलं वर्ष सुरू झालं २२ एप्रिल १५०९ला. म्हणजे १५०९ हेच पहिलं वर्ष, आणि सातवं सुरू होतं २२ एप्रिल १५१५ला, संपतं २१ एप्रिल १५१६ला. एक्झिटरचे बिशप ह्यू ओल्डहॅम यांनी शाळेसाठी केलेला करार २० ऑगस्टचा. ऑगस्ट २२ एप्रिलनंतर येतो, म्हणून १५१५. हाच करार फेब्रुवारीतला असता तर मात्र १५१६ बरोबर ठरलं असतं.

चूक इतके दिवस दडून राहिली ती पुढच्या ओळीमुळे. शाळेचा दुसरा मोठा दस्त, ज्यात तिचे नियम आहेत, तो १ एप्रिल १५२५चा, हेन्रीच्या सोळाव्या वर्षातला. १५०९ अधिक १६ बरोबर १५२५. उत्तर अचूक, पण पद्धत चुकीची. १ एप्रिल हा २२ एप्रिलच्या आधी येतो म्हणून चुकलेलं सूत्र इथे जुळून गेलं. नमुना म्हणून नेमकी हीच ओळ पडताळली होती. सूत्र मुळात एलिझाबेथच्या ओळींसाठी लिहिलेलं. ती गादीवर आली १७ नोव्हेंबर १५५८ला, म्हणून तिच्या बाबतीत १ जानेवारीपासून १६ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे वर्षातले साडेदहा महिने, ही बेरीज चालते. ते सूत्र तसंच खाली ओढलं आणि हेन्रीच्या ओळींत शिरलं.

शके आणि इसवी सनाचा मेळ घालणाऱ्याला हे नवीन नाही. चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पौषातलं पत्र हातात आलं की जंत्री उघडल्याशिवाय कोणी साल लिहीत नाही. इंग्रजी कागद पाहिला की मात्र हा सावधपणा सुटतो. तारीख इंग्रजीच आहे, तिला काय बदलायचं, असं वाटतं.

बदलावं लागतं, आणि तेही दोनदा. १७५२पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. हॅरो शाळेची सनद १९ फेब्रुवारीची. आपल्या मोजणीने ते १५७२, पण त्या काळच्या कारकुनाच्या मोजणीने अजून १५७१च चालू होतं. जुन्या पुस्तकांत हॅरोपुढे १५७१ दिसतं ते याच कारणाने, आणि लिहिणाऱ्याची त्यात चूक नाही. म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी राजा कोण, मग त्याचा गादीवर बसण्याचा दिवस आणि महिना, मग दस्ताचा दिवस त्याच्या आधीचा की नंतरचा, आणि शेवटी तो १ जानेवारी ते २४ मार्च या पट्ट्यात पडतो का. पडत असेल तर तिरकी रेघ देऊन दोन्ही सालं लिहायची, १५७१/७२ अशी. एडवर्ड सहावा २८ जानेवारी १५४७ला आला. त्याच्या नावाच्या ग्रामर शाळा इंग्लंडभर आहेत आणि त्याच्या बाबतीत बहुतेक सगळ्या वर्षाला १५४६ अधिक राजवर्ष हीच बेरीज लागते. थोडक्यात, तीन राजे असतील तर तीन सूत्रं हवीत.

आकडा वाचतानाची अडचण याहून वेगळी. अशा दस्तात रोमन आकड्यातला शेवटचा 'आय' शेपटी काढून 'जे'सारखा लिहीत, कोणी मागाहून एक दांडी वाढवू नये म्हणून. सात म्हणजे व्ही, आय आणि शेपटीवाला जे. प्रतीत ती शेपटी पुसट असली की सहा की सात, असा घोळ होतो. अशा कराराला इंडेन्चर का म्हणतात तेही कडा पाहिली की कळतं. एकाच चामड्यावर मजकूर दोनदा लिहायचा, मधून नागमोडी किंवा दातेरी कापायचं आणि दोन्ही पक्षांनी एकेक तुकडा ठेवायचा. वाद झाला की दाते जुळवून बघायचे.

या शाळेचा खरा ऐवज म्हणजे अर्क नदीवरच्या पाणचक्क्या. ओल्डहॅम यांनी त्या गावच्या जमीनदाराकडून आधी मुदतीच्या पट्ट्याने घेतल्या, पुढे त्या शाळेच्या विश्वस्तांकडे कायमच्या आल्या. मँचेस्टरच्या रहिवाशांनी आपलं धान्य याच चक्क्यांवर दळायचं, असा जुना हक्क त्यांना जोडलेला होता. दळण्याचा मोबदला धान्यातूनच कापून घ्यायचा. त्या उत्पन्नातून मुख्य शिक्षकाला वर्षाला १० पौंड आणि दुय्यम शिक्षकाला ५ पौंड. मुलाने नाव घालताना एक पेनी द्यायची, ती दोन गरीब विद्यार्थ्यांना, नावं लिहिण्याबद्दल आणि शाळा झाडण्याबद्दल. कुठल्याही परगण्यातला मुलगा नाकारायचा नाही, देवी, कुष्ठ, प्लेग असला संसर्गजन्य रोग असेल तरच. कोंबड्यांच्या झुंजींना बंदी. मला यातली पेनी सगळ्यात आवडते.

गाव लहान होतं तोवर हे चाललं. अठराव्या शतकात वस्ती वाढली, चक्क्या तेवढ्याच राहिल्या आणि लोकांना दुसरीकडे दळायची मुभा नव्हती. मँचेस्टरचेच कवी जॉन बायरम यांनी या चक्क्यांच्या दोघा ठेकेदारांवर चार ओळी रचल्या. त्यांत ते एकाला हाड म्हणतात आणि दुसऱ्याला कातडी, आणि रक्तामांसाच्या माणसाला हे सोसवत नाही असं सुनावतात. शेवटी संसदेने कायदा करून गावाला या सक्तीतून सोडवलं, फक्त माल्ट वगळून. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, बिअरचा कच्चा माल. भाकरीचं दळण सुटलं, बिअरचं नाही. ग्रीक-लॅटिन शिकवणारी शाळा त्यानंतर गावाच्या तहानेवर चालली, असं फलकावर लिहायचा मोह मी आवरला.

या कायद्याचं साल कुठे १७५८ छापलंय, कुठे १७५९. दोन्ही चालतात. १७९३पर्यंत संसदेचा कायदा मंजुरीच्या दिवसापासून नव्हे, तर ते अधिवेशन ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवसापासून लागू झाला असं धरत. हे अधिवेशन नोव्हेंबर १७५८ला भरलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाललं. फलकावर १७५८ ठेवलं आणि खाली लहान अक्षरात 'अधिवेशनाचं साल' एवढं घातलं.

तक्ता उघडलाच होता म्हणून माजी विद्यार्थ्यांची यादीही पाहिली. तिच्यात अरविंद घोष. ही चूक हमखास होते. १८७९ला तिघे घोष बंधू मँचेस्टरला आले. थोरले दोघे या शाळेत गेले, अरविंदांना मात्र ज्या घरी ठेवलं होतं तिथेच शिकवलं गेलं. १८८४ला ते लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत दाखल झाले. तिथले मुख्य शिक्षक वॉकर त्याआधी मँचेस्टरच्या याच शाळेचे मुख्य शिक्षक होते, त्यामुळे घोटाळा आणखी पक्का होतो. पुढे १८९३पासून अरविंद बडोद्याला सयाजीरावांच्या नोकरीत होते आणि तिथे मराठी शिकले. एवढ्यासाठी त्यांचं नाव यादीत राहू द्यावं असं मलाही वाटलं. काढलं, आणि थोरल्या दोघांपैकी मनमोहन घोष यांचं ठेवलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना फाइल गेली. पण मुख्य फलक, साठ बाय नव्वद सेंटिमीटरचा, दोन दिवस आधीच छापून आला होता. पूर्ण फलक पुन्हा काढायला वेळ नव्हता, म्हणून त्यावर साल असलेल्या ओळीची पट्टी चिकटवायची ठरली. फक्त शेवटच्या ६वर ५ चिकटवला तर कडा दिसते; अख्खी ओळ झाकली तर पट्टी रचनेचाच भाग वाटते. शिवाय पट्टीवर मूळ फलकासारखंच मॅट लॅमिनेशन हवं, नाहीतर दिव्याखाली तेवढीच चकाकते. पहिली पट्टी चकाकली. दुसरी बसली.