तुम्ही विचारलंत म्हणून: ते पीडीएफचं काम अजून संपलं नाही का?

मामा विचारतो, ऑफिसातले विचारतात, गेल्या गणपतीत तर हातात आरतीचं ताट असताना शेजारच्या काकांनी विचारलं, "काय रे, ते तुझं पीडीएफचं अजून चालूच? एवढी वर्षं झाली, पूर्ण नाही झालं?" मी दरवेळी "चालू आहे" म्हणतो आणि मोदक उचलतो. आता एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

काम म्हणजे, पीडीएफ फायली उघडणारी आणि छापणारी एक लायब्ररी मी सांभाळतो, म्हणजे इतरांचे प्रोग्रॅम आत वापरतात तो तयार कोड. पैसे किती मिळतात ते पुन्हा विचारू नका, उत्तर तुम्हाला माहितीये. आणि "मग करतोस कशाला" याचं उत्तर मलाच नीट माहीत नाही.

पण संपत का नाही, ते सांगता येईल. पीडीएफ १९९३ सालचं, २००८ मध्ये ते आयएसओ स्टँडर्ड झालं, म्हणजे नियमांचं जाडजूड पुस्तक आहे, मग पुस्तकाप्रमाणे एकदा कोड लिहिला की विषय संपला, असं तुम्हाला वाटतं. मलाही वाटायचं, चांगली तीनचार वर्षं वाटायचं. पण पीडीएफ शेवटाकडून वाचतात, शेवटी एक आकडा असतो, तो सांगतो की तक्ता कितव्या बाइटवर आहे आणि तक्ता सांगतो की कुठली गोष्ट कितव्या बाइटवर. कुणीतरी फाइल नोटपॅडमध्ये उघडून सहज सेव्ह केली की सगळे पत्ते सरकले. पुस्तकाप्रमाणे ती फाइल मेलेली. पण अ‍ॅक्रोबॅट, म्हणजे अ‍ॅडोबीचा पीडीएफ उघडायचा प्रोग्रॅम, काय करतं, गुपचूप अख्खी फाइल चाळून तक्ता नव्याने बांधतं आणि उघडून दाखवतं. मग तो माणूस मला लिहितो, "अ‍ॅक्रोबॅटमध्ये तर उघडते." या तीन शब्दांनी माझे किती रविवार खाल्लेत त्याचा हिशोब नाही.

सिक्युरिटी वेगळीच. २०२१ मध्ये आयफोनवर जो हल्ला झाला, मेसेज उघडायचीही गरज नव्हती, त्यात जीआयएफचं नाव लावलेली पीडीएफ होती आणि भोक होतं जेबिग२ नावाच्या स्कॅन केलेल्या पानांच्या जुन्या फॉर्मॅटच्या कोडमध्ये. तो कोड आमचा नव्हता. तरी मी ते वाचून त्या रात्री आमच्या जेबिग२ च्या फाइलमधली प्रत्येक बेरीज तपासत बसलो होतो, बायको म्हणाली, "तुला कुणी सांगितलंय का?" कुणीच नव्हतं सांगितलं.

असो. मूळ गोष्ट २०१८ ची आहे आणि ती मी घरी पण पूर्ण सांगितलेली नाही.

त्या वर्षी बरेच लोक ओरडत होते की मोठ्या फायलींना मेमरी फार लागते. बघितलं तर एकच फॉन्ट फाइलमध्ये पन्नास वेळा असला की आम्ही पन्नास वेळा अक्षरं काढून ठेवत होतो. मी कॅशे टाकला, म्हणजे एकदा काढलेलं अक्षर जपून ठेवायचं, आणि जपायचं ते फॉन्टच्या नावावर. पीडीएफमध्ये फॉन्टची फक्त लागणारी अक्षरं भरतात, त्यांना बहुतेकदा येतील त्या क्रमाने क्रमांक देतात आणि नावापुढे सहा कॅपिटल अक्षरांचा शिक्का लावतात, आणि पुस्तकात साफ लिहिलंय की एका फाइलमध्ये असे दोन वेगळे तुकडे असतील तर शिक्केही वेगळेच हवेत. म्हणजे नाव एक तर तुकडा एक. मेमरी अर्ध्याच्या खाली आली, टेस्ट सगळ्या पास, लोकांनी थँक्यू लिहिलं, मी खूश. ऑगस्टमध्ये रिलीज केलं.

सप्टेंबरात ठाण्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअरवाल्याची मेल आली. तो पतपेढ्यांना सॉफ्टवेअर देतो, छपाईला आत आमची लायब्ररी. सर्वसाधारण सभेआधी सभासदांची ठेवींची यादी छापली तर नावं चुकतायत, स्क्रीनवर दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये बरोबर दिसतात. फाइल पाहिली. दोन शाखांच्या याद्या जोडलेल्या, दोन्हीत तोच मराठी फॉन्ट, आणि ज्याने कुणी तो पीडीएफ बनवणारा प्रोग्रॅम लिहिला त्याने शिक्का कायमचा एकच ठेवलेला. मी पाच मिनिटांत उत्तर दिलं, अजून पाठ आहे: फाइल स्टँडर्डप्रमाणे चुकीची आहे, बनवणाऱ्याला सांगा. इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद.

बरोबरच होतं ना ते? अजूनही अर्धा मी म्हणतो की बरोबर होतं.

त्याने वाद नाही घातला. फक्त लिहिलं, सर तुम्ही मुंबईतच आहात, शनिवारी काळाचौकीला याल का. का गेलो माहीत नाही, बहुतेक त्याला समोरासमोर पटवायलाच. भांडुपहून चिंचपोकळी, तिथून चालत. जुन्या चाळीच्या तळमजल्यावर पतपेढी, पंखा जोरात, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी ठेवलेलं, एकावर स्टेपलर, एकावर चक्क नारळ. मॅनेजरने यादी पुढे ठेवली, लाल पेनाने गोल गोल. लेटरहेड बरोबर, कारण ते दोन्ही शाखांचं एकच आणि तिथपर्यंत दोन्ही तुकड्यांत अक्षरांचे क्रमांक सारखे पडलेले. त्यानंतर फाटे फुटलेले. झगडे होते त्यांचे ठगडे झालेले, यावर आम्ही तिघंही हसलो पण.

मग त्यांनी बोटाने रकमेचा रकाना दाखवला. आकडे मराठी, म्हणजे तेही त्याच फॉन्टमधले. एका यादीत ७ आधी आला होता, दुसऱ्यात ४. दुसऱ्या शाखेच्या सगळ्या पानांवर ७ च्या जागी ४ आणि ४ च्या जागी ७ छापलेला. पान फाटलं नाही, प्रोग्रॅम बंद पडला नाही, चौकोन आले नाहीत, छान सुबक टायपात खोटं.

बाकावर एक आजी बसल्या होत्या, मिलमधल्या नवऱ्याचे पैसे ठेवलेले, चौऱ्याहत्तर हजार. यादीत ४७,०००. तिसऱ्यांदा आल्या होत्या. मॅनेजर म्हणाले, "हे कॉम्प्युटरवाले आलेत बघा." आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि अजिबात न चिडता विचारलं, "मग माझे सत्तावीस हजार कुठं गेले रे बाबा?" मॅनेजरने पासबुक दाखवलं, खातं दाखवलं, पैसे आहेत म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "छापील काय खोटं असतंय?" माझ्याकडे उत्तर होतं, सहा अक्षरांचा शिक्का, स्टँडर्ड, सगळं. मी म्हटलं, "चूक माझी आहे आजी." ते त्यांना पटलं की नाही माहीत नाही, त्या पासबुक पदरात बांधून गेल्या.

२०१३ मध्ये झेरॉक्सच्या स्कॅनरमध्ये ६ चे ८ होत होते ते मी तेव्हा वाचलं होतं, चारचौघांत हसून सांगितलं पण होतं. असो.

त्या रात्री कॅशे फॉन्टच्या नावावरून काढून फाइलमधल्या त्या फॉन्टच्या ऑब्जेक्टवर, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या स्वतंत्र नोंदीवर टाकला, सात ओळींचा बदल. मेमरी परत चढली. परत ओरड. एकाने लिहिलं, प्रोजेक्ट मागे चाललाय. त्याचंही चूक नाही, त्याच्याकडे हजार पानांचे कॅटलॉग असतात, त्याला काळाचौकीचं काय. आणि मला पण विचारा, चुकीच्या फायली चालवून घ्यायच्या म्हणजे चुकीच्या फायली बनवणाऱ्यांना सूटच ना? तो शिक्का एकच ठेवणारा प्रोग्रॅम आजही तसाच आहे. मी सांभाळून घेतो म्हणून तसाच आहे. हे मला दिसतं, तरी घेतो.

मी काही फार सेवाभावी वगैरे नाही. कोडमध्ये अशा विचित्र ओळी आता शेकड्यांनी आहेत, प्रत्येकीमागे कुणाची तरी फाइल आहे, आणि त्यातल्या बऱ्याच कुणासाठी आहेत ते फक्त मला माहितीये, हे मला आवडतं पण. कमेंट लिहायला हव्या होत्या, बरोबर. लिहिल्या नाहीत.

तर सध्याचं. गेल्या महिन्यात एका मुलाचा पॅच आलाय, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल. कॅशे, फॉन्टच्या नावावर. मी मोजून पाहिलं, मेमरी खरंच अर्ध्याच्या खाली येते, कोड माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. फक्त एक टेस्ट पडते, ती पतपेढीची यादी, नावं बदलून आणि आकडे तेच ठेवून मी टेस्टमध्ये घातलेली. त्याने खाली नम्रपणे लिहिलंय की ही फाइल स्टँडर्डप्रमाणे चुकीची आहे, तर ही टेस्ट काढून टाकू का?

तीनदा उत्तर लिहायला घेतलं, तीनदा खोडलं. पॅच अजून उघडाच आहे.