तुळईचं टोक

शनिवार पेठेतलं ते घर घ्यायचं, हे त्या नवरा-बायकोचं जवळपास ठरलं होतं. संध्याकाळी इसार द्यायचा होता, आणि त्याआधी "एकदा नजर टाकून जा" म्हणून मला बोलावलं होतं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. पेठांमधली जुनी घरं आणि वाडे तपासणं हे माझं नेहमीचं काम. दोघं आयटीत, वाकडला भाड्याने राहणारे. तिचं आजोळ नारायण पेठेतलं, त्यामुळे लांबच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेण्यापेक्षा गावात जुनं घर घेऊन नीट करू, हा हट्ट तिचा. मला असा हट्ट धरणारी माणसं फार आवडतात. वाडे पाडून बांधायला सगळेच येतात, सांभाळायला कोण येतं?

एजंट दारातच उभा होता. सप्टेंबर २०२४ मध्ये सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून "कसबा पेठ स्टेशन चालत" हे वाक्य या भागातल्या प्रत्येक एजंटच्या तोंडी असतं. दर वाढणार हे तो छातीठोकपणे सांगत होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गल्लीत पाहावं तिकडे अभ्यासिका, मेस, झेरॉक्स, मधूनच एखादी नवी सहा मजली इमारत. घर म्हणजे वाटण्यांनंतर उरलेली वाड्याची एक बाजू. खाली पुढे दुकान, मागे जुन्या भाडेकरू आजी. वरचा मजला रिकामा. तिथे कालपरवापर्यंत एमपीएससीची मुलं कॉट बेसिसवर राहत होती.

वर गेलो तर सगळं पांढरंशुभ्र. पीओपीचं छत, चकचकीत फरशा, मागच्या भिंतीला लागून ओळीने तीन बाथरूम. दोघांना हाच मजला पसंत पडला होता, आणि माझं लक्ष मात्र फरशीवरून हटेना. खाली सागवानी तुळया, त्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्या, आणि त्यावर बाथरूमचा उतार काढायला चार इंच कोबा, म्हणजे काँक्रीटचा थर! चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वजन झालं. घरातली माणसं, कपाटं, पलंग सगळं धरून राहत्या खोलीसाठी आपण जेवढं वजन हिशेबात घेतो तेवढंच हे. म्हणजे खोलीत माणूस पाऊल टाकायच्या आधीच तुळईची ती सगळी ताकद खर्ची पडलेली.

"खालून बघायला हवं," मी म्हणालो. एजंट म्हणाला, "म्हातारी कटकट करते हो, खालचं राहू द्या." बायको सरळ जिना उतरून गेली आणि तिने आजींच्या दाराची कडी वाजवली.

आजींनी आत घेतलं, पाणी दिलं. "वरचं घर बघायला खूप जण येऊन गेले," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कोणी डोकावलं नाही." त्यांच्या माजघरात कडीपाट उघडा होता, ऑइलपेंट मारलेला. मागच्या अंगणात उघडणारं दार दसऱ्यापासून लागत नव्हतं. सुताराला बोलावून त्यांनी रंधा मारून घेतला, काही दिवस दार लागलं, मग पुन्हा अडायला लागलं. दार अडतं तेव्हा आधी वर बघायचं असतं. चौकटीच्या वर गिलाव्याला तिरपी चीर गेली होती. जुन्या चिरेत धूळ, जाळी साठून ती काळी पडते. हिच्या कडा आतून स्वच्छ होत्या, कण हाताला लागत होते.

मागची भिंत मी ठोकून पाहिली. वाड्याची भिंत दोन फूट जाड असायला हवी, ही खिडकीपाशी नऊ इंच भरली. आजींना विचारलं. "ती पानशेतनंतरची," त्या लगेच म्हणाल्या. १२ जुलै १९६१, धरण फुटलं तो दिवस. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, याच घरातली मुलगी. पुराच्या पाण्यात मातीची भिंत विरघळून गेली. वडिलांनी आणि मालकांनी मिळून तुळया बल्ल्यांवर तोलून धरल्या आणि खालून नवी विटांची भिंत उचलली. "बाहेरच्या अंगाने बांधली, म्हणून माझी खोली हातभर मोठी झाली," आजी म्हणाल्या.

मी थबकलो. जी तुळई पूर्वी दोन फूट भिंतीत बसलेली होती, ती तेव्हापासून शेवटच्या नऊ इंचांवर टेकली होती. आणि नेमक्या त्या नऊ इंचांच्या डोक्यावर आता बाथरूम होते. लाकूड टोकाकडून सगळ्यात जास्त पाणी पितं. तिथे वारा नाही, उजेड नाही, त्यात बाहेरून भिंतीला सिमेंटचा गिलावा, म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर पडायला जागाच ठेवलेली नाही.

शिडी लावली. मधल्या तुळईच्या टोकाशी रंगाचा पापुद्रा काढून पेचकस टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आला तो चहाच्या ओल्या चोथ्यासारखा भुसा घेऊनच. फूटभर अलीकडे तेच लाकूड टणक, पेचकस आत जाईना. मधोमध बघणाऱ्याला ही तुळई पुढची पन्नास वर्षं उभी वाटली असती. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. पोरांच्या कॉटचं भाडं दरमहा घ्यायचं, आणि ज्या लाकडावर ते मिळतं त्याच्या उशाशी गळके नळ बसवायचे.

इसाराचा विषय तिथेच मागे पडला. त्या तुळईखाली आजींची कॉट होती.

वरचं पाणी आधी बंद करायला लावलं. मालकांना फोन केला, ते म्हणाले, "इतकी वर्षं उभंच आहे की." एजंटचं म्हणणं, व्यवहार झाला की बघू. मी माझ्या ओळखीच्या मिस्त्रींना हाक मारली. जवळच्याच एका साइटवरून ते लोखंडी टेकू आणि जाड फळ्या घेऊन टेम्पोने आले. शहाबादीवर थेट टेकू उभा केला तर फरशीच फुटते, म्हणून खाली लांब फळी, तिच्यावर टेकू, वर तुळईला आडवा ठोकळा. भिंतीपासून दीड फुटावर, म्हणजे निरोगी लाकडाखाली. स्क्रू हातानेच आवळायचा, टेकूवर भार आला की थांबायचं. खचलेली तुळई उचलून पुन्हा जागेवर न्यायच्या भरीस पडलं तर वरची भिंत तडकते. नवरा फळ्या उचलत होता. देव्हारा मध्ये येत होता, तेव्हा आजींनी कुणाला हात लावू दिला नाही, देव स्वतः ताम्हनात घेऊन पुढच्या खोलीत ठेवले. कॉटही पुढे हलवली. अंधार पडेपर्यंत तिन्ही तुळयांना आधार लागला. मालकांना धोक्याचं पत्र मी त्याच रात्री लेखी दिलं, प्रत महापालिकेला.

नंतर गल्लीच्या तोंडाशी चहा घेताना तिने विचारलं, आजींनी दुरुस्ती का नाही करून घेतली? भाडं महिना एकशे ऐंशी. भाडे नियंत्रण कायद्यात सोय आहे: मालक दुरुस्ती करत नसेल तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे वर्षाला पाचशे चाळीस रुपये. एवढ्यात मिस्त्रींचा टेम्पोही येत नाही. आणि दुसरी गोष्ट एजंटने त्यांना सांगितलीच नव्हती: घर विकलं म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. खरेदीखतावर सही केली की आजींचे मालक हे दोघं. "म्हातारीला काढता येईल" असं तो म्हणाला होता, ते वकिलाला विचारल्याशिवाय मानू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "काढायचं कशाला? त्या नसत्या तर आम्हाला भिंतीचं कळलं असतं का?"

इसार दिला गेला, पण बराच उशिरा. दुरुस्तीचा माझा अंदाज किमतीतून वजा झाला आणि आजींचं भाडेकरूपण करारात नीट लिहिलं गेलं. मिळकत पत्रिकेवरच्या एका चुलतभावाची सही मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता काम सुरू आहे. कोबा आणि फरशा काढल्या, वर फक्त पाटणी राहिली. कुजलेली टोकं कापून तुळईच्या दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल बोल्टने आवळले, ते भिंतीत दगडी थराच्या बैठकीवर टेकवले. बाथरूम आता एकच, तोही अंगणाच्या बाजूला स्वतंत्र पायावर. सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करायचा आहे, त्यासाठी चुना भिजत घातला आहे. पावसाच्या आत मागची भिंत उरकायची, आणि आजींचं दार शेवटी बसवायचं, कारण भार पूर्ण उतरल्याशिवाय चौकटीचं माप घेऊ नका असं मी सुताराला बजावलं आहे.