नदी सोडून गेली त्या गावात

गेल्या शनिवारी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या रॉडनी नावाच्या ओसाड गावाला जाऊन आलो. जॅक्सन शहरातून नॅचेझ ट्रेस नावाच्या रस्त्याने खाली यायचं, लॉर्मनला वळायचं, अल्कॉर्न युनिव्हर्सिटी मागे पडली की पुढे खडीचा रस्ता, दोन्हीकडे गच्च झाडं आणि मोबाईलला रेंज नाही, नवरा दोनदा म्हणाला अगं नक्की हाच रस्ता ना, आणि मग एकदम झाडीतून लाल विटांचं चर्च समोर आलं. पायऱ्यापायऱ्यांची भिंत, वर छोटा घंटेचा मनोरा. मी गाडीतून उतरायचंच विसरले.

हे मिसिसिपी नदीवरचं भरभराटीचं बंदर होतं. आगबोटी लागायच्या, कापसाच्या गाठी चढायच्या, बँका होत्या, हॉटेलं होती. तो कापूस आजूबाजूच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबणाऱ्या काळ्या माणसांनी वेचला, हे डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये.

चर्च 1832 चं, प्रेस्बिटेरियन म्हणजे प्रोटेस्टंटांच्या एका पंथाचं. याची खरी गोष्ट 1863 ची. अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू, सप्टेंबरातला रविवार, उत्तरेच्या सैन्याची रॅटलर नावाची गनबोट, म्हणजे तोफा लावलेली बोट, समोर नदीत उभी. तिचा कप्तान आणि डझनभराहून जास्त खलाशी प्रार्थनेला इथे येऊन बसले आणि दक्षिणेच्या घोडेस्वारांनी चर्चला वेढा घालून त्यांना तिथेच पकडलं! बोटीवर कळल्यावर तिथून गावावर तोफा सुरू झाल्या. दर्शनी भिंतीत वरच्या खिडकीच्या डोक्यावर एक काळा गोळा रुतलेला दिसतो. आत्ताचा गोळा नंतर बसवलेला आहे, पण मार बसला तो त्याच भिंतीला. मी खाली उभी राहून त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होते, मग मागे वळून नदी शोधली तर नदीच नाही, नुसती झाडं.

कारण गाव युद्धाने नाही संपलं. 1870 च्या सुमाराला मिसिसिपीने पात्र बदललं, धक्क्यासमोर वाळू साचली आणि नदी पश्चिमेला दोनेक मैल सरकली. बंदरासमोर पाणीच नाही म्हटल्यावर बोटी कशाला येतील? रेल्वे आली तीही रॉडनीला टाळून फेयेट या दुसऱ्या गावावरून गेली. माणसं हळूहळू उठून गेली आणि 1930 मध्ये गव्हर्नरनेच जाहीर केलं की रॉडनी आता शहर नाही. किती वाईट वाटलं मला हे वाचून, काय सांगू.

आता एका स्थानिक संस्थेने चर्च हातात घेऊन डागडुजी सुरू केलीय. खूप बरं वाटलं. विटेवर हात ठेवला तर चुना भुसभुशीत होऊन बोटाला लागतो, म्हणजे काम किती नाजूक आहे बघा.

चर्चच्या मागे टेकडीवर जुनं कब्रस्तान आहे, वेलींनी झाकलेलं, तिथवर चढलो. तिथूनही पाणी दिसलं नाही. पण मोठा पूर आला की नदी अजून गावात येते, परतताना खालच्या एका रिकाम्या घराच्या भिंतीवर चिखलाची सरळ रेघ दिसली, माझ्या खांद्याच्याही वर.