घरी आणि वहीत

नागपूर, जूनअखेरचा सोमवार, रात्री

आज शाळा उघडल्या. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरत आल्यावर सुरू होतात, आणि आमच्या घरी त्या दिवशी संध्याकाळी आईच्या पदराला पुन्हा खडूचा वास येऊ लागे. तिला जाऊन आता अकरा महिने झाले. पाऊस दोनदा येऊन परत गेला आहे, कुलर अजून सुरूच आहे, आणि मी तिच्या लोखंडी पेटीतली खाकी पुठ्ठ्याची दोनशे पानी वही घेऊन बसले आहे.

या वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध पट्टीने रेघ ओढलेली आहे. डावीकडे ‘घरी’, उजवीकडे ‘वहीत’. डावीकडे मले, उजवीकडे मला. काऊन, का. पोट्टा, मुलगा. सांबार, कोथिंबीर. ‘तो मारून राहिला’ याच्यासमोर ‘तो मारत आहे’. महानगरपालिकेच्या मराठी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे शिकवताना पहिलीत नव्याने आलेल्या मुलांच्या तोंडून जे शब्द तिने ऐकले, ते तिने या वहीत टिपून ठेवले. ती याला चुकांची वही म्हणत नसे. एखादे मूल उभे राहून ‘बाई, मले समजून नाही राहिलं’ म्हणाले, तर ती आधी त्याला काय समजले नाही ते समजावून देई आणि मग सांगे, ‘घरी मले म्हणायचं, वहीत मला लिहायचं, दोन्ही तुझंच आहे.’ तिच्या वर्गात कोणत्याही मुलाला ‘नीट बोल’ असे सांगितले गेल्याचे मला आठवत नाही. मीही त्याच शाळेत, तिच्याच वर्गात दोन वर्षे होते, म्हणून हे खात्रीने लिहिते.

या शहरात एका वर्गात किती भाषा बसतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. 1956 पर्यंत नागपूर ही हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि आमच्या बोलीतील ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिली’ या रचनांमध्ये हिंदीचा तो जुना शेजार आजही ऐकू येतो. आईच्या वर्गात त्याशिवाय छत्तीसगडहून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले असत, आणि घरी गोंडी ऐकून आलेली एखादी मुलगी पहिले सहा महिने तोंडच उघडत नसे. अशा मुलीला आई नागपूर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाची गोष्ट सर्वांसमोर सांगायला लावी. मुलगी अडखळत, अर्ध्या गोंडीत सांगे, आणि वर्ग ऐकत असे.

अंकांच्या बाबतीतही तिची पद्धत हीच होती. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना मात्र सहा आधी लिहावा लागतो, त्यामुळे कितीतरी मुले त्रेसष्टऐवजी 36 लिहून मोकळी होतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशा पद्धतीचे वाचन आल्यावर महाराष्ट्रभर वाद पेटला, तेव्हा सेवानिवृत्त आई वर्तमानपत्र बाजूला ठेवून एवढेच म्हणाली की साठ आणि तीन म्हणजे त्रेसष्ट, हे दोन्ही एकापाठोपाठ म्हणून घेतले की मुलाचा गोंधळ होत नाही, मग भांडण कशाचे आहे?

वहीच्या मध्यभागी मात्र एक पान वेगळे आहे. तिसरीतल्या एका मुलाने ‘माझी आई’ या विषयावर लिहिलेला निबंध तिने तिथे जसाच्या तसा उतरवून घेतला आहे. ‘माही माय मिरच्या खुडाले जाते. रातच्याले तिच्या हाताची आग होते. मंग ते मले हात नाही लावत.’ बाजारात येणाऱ्या लाल मिरच्यांचे देठ दिवसभर बसून खुडणाऱ्या बायका नागपूरच्या माणसाला नव्या नाहीत, पण त्यांच्या लेकरांना रात्री काय वाटते ते मी याच पानावर प्रथम वाचले. उजवीकडच्या रकान्यात पहिल्या दोन वाक्यांची प्रमाण रूपे आहेत. तिसऱ्या वाक्यासमोर आईने स्वतःसाठी एक सूचना लिहिली आहे: ‘याचे स्पर्श करत नाही असे करू देऊ नये. हात लावत नाही, एवढेच पुरे.’ मी आज हे पान चार वेळा वाचले.

आता जे लिहायचे आहे ते मी आजवर कुठेही लिहिलेले नाही. मी पुण्यात शिकायला होते तेव्हा, पहिल्याच वर्षी, आई मला भेटायला वसतिगृहावर आली. तिने संत्रा बर्फी आणली होती आणि स्वतः केलेल्या सांबारवड्यांचा मोठा डबा आणला होता. मैत्रिणींनी डब्यात काय आहे म्हणून विचारले, तिने सांगितले, आणि इडलीबरोबरचे सांबार वडीत कसे घातले या कल्पनेने त्या हसू लागल्या. आईही हसली आणि म्हणाली, ‘सांबार नाही ठाऊक काय वं तुम्हाले?’ त्यावर हसणे वाढले. ते हसणे दुष्टपणाचे नव्हते, हे मला आज कळते. मी आईला व्हरांड्यात घेऊन गेले आणि म्हणाले, ‘आई, इथे तरी नीट बोल.’

चौथीत असताना तिनेच मला सांगितले होते की मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र तेराव्या शतकात म्हाइंभटांनी आपल्याच वऱ्हाडात, रिद्धपूरला सिद्ध केले. म्हणजे मला हे ठाऊक होते. ठाऊक असूनही मी ते शब्द उच्चारले.

ती रागावली नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी वहीतले मराठी बोलू लागली. दूरध्वनीवर ‘जेवली काय वं?’ असे विचारणारी आई ‘तू जेवलीस का?’ असे विचारू लागली. दिवाळीत मी घरी आले तेव्हा शेजारच्या काकूंशी नेहमीसारखी बोलत असतानाच माझ्याकडे वळताना ती क्षणभर थांबे आणि वाक्य दुरुस्त करून घेई. ते थांबणे मी कित्येक वर्षे पाहिले. क्षमा मागायला गेले की ती ‘तसं काही नाही गं’ म्हणे, आणि त्या ‘गं’पुढे मला काही बोलता येत नसे. बाबा गेले त्या पहाटे मी पुण्याहून येऊन दारात उभी राहिले, तेव्हा तिने मला जवळ घेतले आणि विचारले, ‘काही खाल्लं काय वं तू?’ त्यानंतर शेवटपर्यंत ती माझ्याशी तशीच बोलली.

तिची शाळा आता पटसंख्येअभावी बंद झाली आहे. वही कोणाला द्यावी याचा विचार मी संध्याकाळपासून करते आहे. आज एखाद्या नव्या शिक्षिकेसमोर पहिलीचा वर्ग बसला असेल, तिला ती उपयोगी पडेल असे वाटते. देण्यापूर्वी शेवटची पाने पाहून घेतली. तिथले अक्षर थरथरते आहे, सेवानिवृत्तीनंतरचे असावे. डावीकडच्या रकान्यात ‘वं’ लिहिलेले आहे. उजवीकडे तिने काहीच लिहिलेले नाही.