शेवाळी अकीकाचे पेंडंट: चौथा प्रयत्न आणि तारेचा नंबर

मागच्या नोंदीत तांब्याच्या तारेच्या विणलेल्या चौकटीत अकीकाचा खडा घट्ट बसल्याचे मी मोठ्या दिमाखात लिहिले होते. ते विधान आता मागे घ्यावे लागत आहे. गेल्या मंगळवारी नणंदेच्या मंगळागौरीत ते पेंडंट गळ्यात घालून मी फुगडीला उभी राहिले आणि तिसऱ्या-चौथ्या गिरकीलाच खडा चौकटीतून निसटून थेट कपाटाखाली गेला. केरसुणीच्या दांड्याने तो बाहेर काढला, तेव्हा त्याच्यावर ओरखडाही नव्हता. अकीकाचा कठीणपणा मोहस मापनावर साडेसहा ते सात भरतो आणि त्याची घडण बारीक तंतूंची असल्यामुळे तो सहसा तडकत नाही, एवढेच काय ते त्या दिवशीचे समाधान.

खडा तोच आहे: खंबायतेत घासून घडवलेला, ३० बाय २२ मिलिमीटरचा लंबगोल कॅबोशॉन, म्हणजे पैलू नसलेला, घुमटासारखा गुळगुळीत खडा. त्याचा घेर ८२ मिलिमीटर भरतो. मी ज्या अमेरिकन नमुन्यावरून विणते, त्यात चौकटीसाठी २० गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर; नंबर मोठा तितकी तार बारीक) दोन तारा आणि विणीसाठी २८ गेजची तार सांगितली आहे, आणि एकूण २५६ वेढ्यांत खड्याला बरोबर वळसा पडतो, असे त्यात म्हटले आहे. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून मी नेहमीप्रमाणे २० आणि २८ नंबरची तांब्याची तार आणली, पॉलिश पेपरमधून ओढून तिच्यावरचे वॉर्निश काढले आणि नमुन्याप्रमाणे वेढे मोजत विणत गेले. प्रत्येक वेळी विणलेली पट्टी ९६ मिलिमीटरच्या आसपास भरली, म्हणजे तब्बल चौदा मिलिमीटर जास्त.

हा दोष माझ्या सैल हाताचा आहे, असे मी तीन प्रयत्न धरून चालले होते. पहिल्या खेपेस नखाने वेढे दाबत बसले आणि नखाची पार वाट लागली. दुसऱ्या खेपेस जास्तीचे वेढे सोडून दिले, तर खालच्या टोकाला नक्षी मधेच तुटली. तिसऱ्या खेपेस चौकटीची तार गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली. पोलाद असे विझवले की कडक होते, तांबे मात्र मऊच राहते. त्यामुळे आता ती निमूट वळेल, अशी माझी अपेक्षा होती. ती वळली खरी, पण खड्याच्या दोन्ही अरुंद टोकांशी पुढची तार काठावर झुकायला काही केल्या तयार होईना. पक्कड लावून दाबावे तर शेजारचा भाग उचलला जाई. जी पकड मी घट्ट समजले होते, ती प्रत्यक्षात दोन बाजूंच्या ताणावर उभी होती आणि फुगडीने तिचा निकाल लावला.

जाता जाता पक्कड या हत्याराबद्दल. ऑनलाइन मागवलेल्या सात पकडींच्या संचातली चपटी पक्कड तांब्यावर दातांच्या खुणा उठवते, त्यामुळे तो संच आता घरच्या किरकोळ दुरुस्तीला दिला आहे. नायलॉनच्या जबड्यांची एक बरी पक्कड आणि गोल तोंडाची एक, एवढ्यावर माझे सगळे काम होते. सुरुवात करणाऱ्यांनी सातांच्या मोहात पडू नये.

उलगडा अखेर शेजारच्या काकांनी केला. ते साताऱ्याच्या एमआयडीसीत टर्नर होते आणि निवृत्त होताना बारीक जाडी मोजायचा मायक्रोमीटर तेवढा जपून घरी घेऊन आले. त्यांनी दोन्ही तारा मोजल्या, तर जाड तार ०.९१ आणि बारीक तार ०.३७ मिलिमीटर निघाली.

“तार बरोबर आहे, अगदी २० आणि २८ नंबरच. तुझा नमुना कुठला?” त्यांनी विचारले.

“अमेरिकेतला आहे, काका.”

“अगं, मग त्यांचा वीस आणि आपला वीस एक कसा असेल?”

आपल्याकडची रिवाइंडिंगची तार ब्रिटिश एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) मापाने ओळखली जाते. हे माप १८८४ मध्ये तिकडे कायदेशीर ठरले. अमेरिकन एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर गेज) १८५७ पासूनचे आहे आणि त्यात दर सहा नंबरांना जाडी जवळजवळ निम्मी होत जाते. त्यांची २० गेजची तार ०.८१ मिलिमीटरची असते आणि २८ गेजची ०.३२ ची. ०.३२ च्या जागी ०.३७६ ची (आपल्या २८ नंबरचे हे नेमके माप) तार २५६ वेळा शेजारी-शेजारी बसवली की चौदा मिलिमीटर वाढणारच. माझ्या हाताचा त्यात काहीही संबंध नव्हता. चौकटीचे प्रकरण याहून वाईट होते, कारण गोल तारेचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडीतला हा दिसायला किरकोळ फरक तारेला सुमारे साठ टक्के अधिक ताठ करत होता.

काकांच्या जुन्या वहीत दोन्ही मापांचा तक्ता होता. त्याप्रमाणे अमेरिकन २० म्हणजे आपली २१ नंबरची तार, अगदी तंतोतंत, आणि अमेरिकन २८ च्या सर्वांत जवळ आपली ३० नंबरची. २१ नंबरची शंभर ग्रॅम घेतली, ती साधारण २१ मीटर भरते. ३० नंबरची मात्र रिळाच्या तळाशी थोडीच उरली होती. दुकानदाराने ती वजनावर दिली.

रविवारी दुपारी चौथी पट्टी विणली. २५६ वेढ्यांनंतर मोजपट्टी लावली, तेव्हा ती ८१ मिलिमीटर भरली. खड्याभोवती वळवताना पुढची तार दोन्ही टोकांशी नायलॉनच्या पकडीच्या एका दाबात काठावर आडवी झाली, मागची तार पाठीशी चिकटली आणि साखळीच्या कड्याचे शेवटचे वेटोळे घातल्यावर मी ते पेंडंट उशीवर दहा वेळा आपटले. खडा तसूभरही हलला नाही. चिंच आणि मीठ लावून धुतल्यावर तांबे देव्हाऱ्यातल्या तांब्यासारखे उजळले. विणीतल्या खाचा काळ्या करण्यासाठी ते उकडलेल्या अंड्याच्या बलकाबरोबर डब्यात बंद करून ठेवायचे होते, पण श्रावण संपेपर्यंत आमच्या घरात अंडे येणार नाही, त्यामुळे तोवर ते लखलखीतच राहील.

यानंतर याच मापाचे दुसरे पेंडंट करायचे ठरले होते, परंतु हे लिहितानाच ३० नंबरच्या उरलेल्या तारेकडे लक्ष गेले आणि बेत बदलला. कुड्यांचे मोती मी मागे बाजूला ठेवले होते, कारण त्यांची भोके साधारण ०.७ मिलिमीटरची आहेत आणि कुडीत तार प्रत्येक मोत्यातून दोनदा जावी लागते. २८ नंबरच्या दोन पदरांना ०.७५ जागा लागत असे. ३० नंबरच्या दोन पदरांना ०.६३ पुरते. लिखाण तसेच टाकून डबीतून एक मोती काढला आणि तार दोनदा ओवून पाहिली, ती विनासायास गेली. मध्ये एक आणि भोवती सहा अशी एक कुडी रात्रीपर्यंत गाठवून झाली. दुसरीसाठी एकाच मापाचे सात मोती निवडायला बसले, तर डबीत सहाच जुळले.